'ऑक्सिडीकारक ताण' आणि 'ऑक्सिडीकारक इजा' : एकच की वेगळे?

प्रश्न : विषारी रसायनांमुळे प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या यकृताला होणाऱ्या इजेविषयीच्या लेखाचे मराठीकरण करताना मी 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' आणि 'ऑक्सिडेटिव्ह डॅमेज' या दोन्हींसाठी 'प्राणवायूमुळे होणारे नुकसान' असे लिहिले. तपासणाऱ्यांनी दोन्ही ठिकाणी लाल रेघ ओढली आहे. यात नेमके काय चुकले?

प्रतिसाद : रेघ योग्य आहे. ताण ही अवस्था आहे आणि इजा हा तिचा परिणाम. पेशीत ऑक्सिडीकारक पदार्थ इतक्या वेगाने तयार होऊ लागले की त्यांना आवरणाऱ्या यंत्रणेला ते झेपेनासे होतात, तेव्हा 'ताण' म्हणावे. त्यातून मेद, प्रथिने किंवा डीएनए प्रत्यक्ष बिघडले, तर 'इजा'. हेल्मुट सीस यांनी १९८५ मध्ये या ताणाची व्याख्या केली, तिचा गाभाही असंतुलन हाच होता. ताण वेळीच निवळला तर इजा टळूही शकते, म्हणून दोन शब्द हवेतच.

दुसरे असे की 'ऑक्सिडीभवन' म्हणजे इलेक्ट्रॉन गमावणे. त्यात प्राणवायूचा हात असलाच पाहिजे असे नाही. कार्बन टेट्राक्लोराइडचे नेहमीचे उदाहरण घेतले तर गंमत लक्षात येते. यकृतातील सायटोक्रोम पी-४५० कुळातील एंझाइमे, विशेषतः २ई१, या रेणूला एक इलेक्ट्रॉन देतात, क्लोराइड सुटून जाते आणि ट्रायक्लोरोमिथिल मूलक (जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेला, अतिक्रियाशील तुकडा) उरतो. म्हणजे 'ऑक्सिडीकारक' म्हणवणाऱ्या या इजेची पहिली पायरी चक्क क्षपणाची, म्हणजे इलेक्ट्रॉन मिळण्याची, असते. प्राणवायू त्यानंतर येतो. त्याच्याशी जोडला गेलेला मूलक पेशीपटलातील असंतृप्त मेदाम्लातून हायड्रोजन ओढून घेतो, ते मेदाम्ल स्वतःच मूलक बनून शेजारच्या मेदाम्लावर तोच प्रयोग करते आणि साखळी सुरू होते. यालाच मेदांचे पेरॉक्सिडीभवन म्हणतात. उघडे राहिलेले तेल खवट होते तेव्हाही याच जातीची साखळी चालू असते, त्यामुळे लेखात एकदा तरी 'पटल खवटते' असे लिहायचा मोह मला होतो.

या साखळीतून मॅलोनडायअल्डिहाइड निर्माण होते. यकृताच्या लगद्यात थायोबार्बिट्युरिक आम्ल घालून आम्लधर्मी द्रावणात तापवले की परीक्षानळीत गुलाबी रंग उतरतो आणि तो ५३२ नॅनोमीटर तरंगलांबीवर मोजतात. मात्र इतरही काही पदार्थ असाच रंग देतात, म्हणून या आकड्याला 'पुरावा' न म्हणता 'दर्शक' म्हणावे. सूक्ष्मदर्शकाखाली दिसते ते अधिक बोलके असते : यकृत-खंडिकेच्या (यकृत ज्या सूक्ष्म घटकांचे बनते त्यांपैकी एकाच्या) मधल्या शिरेभोवतीच्या पेशी मेलेल्या, तर कडेच्या बऱ्याच अंशी शाबूत, कारण २ई१ हे एंझाइम मधल्या भागातच अधिक असते. विष स्वतः निवड करत नाही. यकृतच ते जागेवर तयार करते. तेव्हा 'विषारी रसायन यकृत जाळते' या आपल्या लेखातील वाक्यात कर्ता चुकला आहे. मेलेल्या भागासाठी तिथे वापरलेला 'कुजणे' हा शब्दही नको, 'ऊतकमृत्यू' लिहावे.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. मग पॅरासिटामॉलच्या परिच्छेदातही पहिली पायरी क्षपणाचीच समजावी का?

प्रतिसाद : नाही, तिथे ती ऑक्सिडीभवनाचीच आहे. औषधाचा काही भाग त्याच कुळातील एंझाइमांमुळे एका अतिक्रियाशील पदार्थात बदलतो, ग्लुटाथायोन हा पेशीतील संरक्षक पदार्थ त्याला पकडून निकामी करतो, आणि मात्रा फार मोठी असली की ग्लुटाथायोनचा साठाच संपतो. साठा संपल्यावर तो पदार्थ पेशीतील प्रथिनांना चिकटतो. मग मायटोकॉन्ड्रिया बिघडतात आणि ताण वाढतो. इथे 'ग्लुटाथायोनची कमतरता' फिके वाटते. 'साठा आटणे' लिहावे.

आणखी एक प्रतिसाद : थोडे अवांतर, पण याच लेखाशी निगडित. मराठीत 'रॅट' आणि 'माउस' या दोघांनाही आपण उंदीर म्हणतो. इतरत्र ते खपून जाते, इथे नाही, कारण पॅरासिटामॉलने माउसचे यकृत लवकर बिघडते आणि रॅट मोठी मात्राही बऱ्यापैकी सोसतो. दोन्हींना उंदीर म्हटले तर एकाच प्राण्यावरील दोन प्रयोग परस्परविरोधी निघाले असा वाचकाचा समज होईल. 'घूस' हा निराळा प्राणी असल्यामुळे तो शब्दही कामाचा नाही. माझ्या मते देवनागरीत सरळ 'रॅट' आणि 'माउस' लिहावे.

प्रश्नकर्ता : तसेच करतो. मात्र वर 'मूलक' हा शब्द वाचल्यावर माझ्या लेखातील 'मुक्त कण' खोडून 'मुक्त मूलक' लिहिण्याच्या जागा मी आताच मोजल्या. त्या एकोणीस आहेत.