मारुती ८०० चं जुनं कार्बोरेटरवालं इंजिन : खरंच भरवशाचं, की आपल्याला त्याची सवय झालीय?

कृष्णाकाठ
घरात १९९७ ची मारुती ८०० आहे, कार्बोरेटरवाली (म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारं जुनं यांत्रिक भांडं असलेली), वडिलांनी घेतलेली, आता मी चालवतो. परवा भाचा म्हणाला मामा भंगारात द्या ही, एवढ्या जुन्या इंजिनाचा काय भरवसा. ते मनाला लागलं म्हणून हा धागा काढतोय, कारण माझं ठाम मत आहे की आपल्याकडच्या साध्या माणसाला मिळालेलं सगळ्यात भरवशाचं पेट्रोल इंजिन हेच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, याला एफ८बी म्हणतात, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, बोअर म्हणजे सिलिंडरची रुंदी ६८.५ मिमी आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टनची चाल ७२ मिमी. दर सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह, वर ते उघडणारा एकच कॅमशाफ्ट आणि तो टायमिंग बेल्टवर म्हणजे रबरी पट्ट्यावर फिरतो. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. ताकद चाळीस बीएचपीच्या आतच आहे, पण गाडीचं वजनच जेमतेम साडेसहाशे किलो, आणि टॉर्क २५०० आरपीएमच्या आसपासच पूर्ण मिळतो, म्हणून गावात तिसऱ्या गिअरवर निवांत चालते. डिसेंबर १९८३ ला पहिली गाडी रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ ला शेवटची बनली, मधे कार्बोरेटर जाऊन कॉम्प्युटरच्या हिशोबाने पेट्रोल फवारणारं इंजेक्शन आलं पण खालचा ७९६ चा ब्लॉक तोच राहिला. ओम्नीतही हेच इंजिन, शाळेची पोरं आणि भाजीची पोती वाहून वाहून त्या गाड्यांनी काय सोसलंय ते सगळ्यांनी बघितलंय. वाईट इंजिन तीस वर्षं कोण बनवतं सांगा.

आणि मुख्य म्हणजे बंद पडली तरी रस्त्याकडेला दुरुस्त होते. प्लग काढा, पुसा, प्लगना वीज वाटणारी डिस्ट्रिब्युटर कॅप कोरडी करा, कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल येण्याचं बारीक भोक) फुंकून साफ करा, चला पुढे. लॅपटॉप लागत नाही.

नवा_गिअर
असहमत. दादा, तुम्ही दोन गोष्टींची गल्लत करताय. पटकन दुरुस्त होणं वेगळं आणि बंदच न पडणं वेगळं. तुमच्याच पोस्टमधे प्लग पुसा, कॅप कोरडी करा, जेट फुंका, एवढी कामं आली. माझ्या इंजेक्शनवाल्या गाडीत सहा वर्षांत मला बॉनेट फक्त पाणी आणि ऑइल बघायला उघडावं लागलं. भरवसा त्याला म्हणतात.

आमच्याकडेही कार्बोरेटरवाली होती. पावसाळ्यात सकाळी चोक ओढायचा, दोन मिनिटं धरून बसायचं, सिग्नलला आयडलिंग पडलं की बंद. मे महिन्यात खंबाटकीचा घाट चढताना पेट्रोलच्या पंपातच वाफ धरायची, मग गाडी कडेला घेऊन पंपावर ओलं फडकं टाकून आईसकट सगळे उन्हात उभे. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं तेव्हा, ते मी विसरू शकत नाही. लोक आठवणींच्या प्रेमात पडून हे सगळं सोडून देतात.

वर्कशॉपवाला
मी या गाड्यांची कामं बरीच वर्षं केली, अजून महिन्याला दोनतीन येतात. दोघांचंही थोडं थोडं पटलं नाही.

इंजिनाचा खालचा भाग, म्हणजे क्रँक, ब्लॉक, बेअरिंग, हे खरंच मजबूत. ऑइल वेळेवर बदललं तर लाख-दीड लाख किलोमीटरला सुद्धा पिस्टनच्या रिंगा चांगल्या निघतात, आणि बिडाचा ब्लॉक आहे त्यामुळे झिजला तरी बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकता येतो. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, स्क्रूने सेट होतात, फट मोजायची फिलर गेज पट्टी असली की झालं. पण हे इंजिन गरम होणं सहन करत नाही. खाली बीड आणि वर अ‍ॅल्युमिनियम, दोन्ही धातू तापल्यावर सारखे फुगत नाहीत, एकदा काटा वर गेला आणि तसंच दामटलं की हेड वाकतं आणि दोन्हींच्या मधलं गॅस्केट उडतं. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या बऱ्याच केसेसमधे मूळ कारण एकच, कोणीतरी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवणारी झडप) काढून टाकलेला असतो आणि कूलंटच्या जागी बोअरवेलचं क्षारवालं पाणी. थर्मोस्टॅट काढला की गाडी थंड राहते हा समज कुठून पसरला कळत नाही. त्याने इंजिन नीट तापतच नाही, मिश्रण जाड म्हणजे जास्त पेट्रोलचं राहतं, जादाचं पेट्रोल ऑइलमधे उतरतं, अ‍ॅव्हरेज पडतं, आणि क्षाराने रेडिएटर चोंदला की शेवटी घाटात गरम होतेच.

दुसरं म्हणजे टायमिंग बेल्ट. तुटला की गाडी जागेवर बंद, रस्त्याकडेला काही होत नाही. तो बाहेरून दिसत नाही म्हणून लोक विसरतात.

कृष्णाकाठ
@वर्कशॉपवाला पाण्याचं अगदी खरं, आमचंही गॅस्केट एकदा गेलं होतं आणि त्याआधी दोन वर्षं आम्ही नळाचंच पाणी भरत होतो. पण मग तो दोष इंजिनाचा की आमचा?

@नवा_गिअर आईंना झालेला त्रास वाचून वाईट वाटलं. तरी मला सांगा, तुमच्या गाडीत ज्या दिवशी सेन्सर किंवा टाकीतला पंप जाईल त्या दिवशी माण तालुक्यातल्या एखाद्या वाडीवर तुम्ही काय कराल? माझी हळूहळू बिघडते, आधी सांगते, पिकअप कमी होतो, आवाज बदलतो. तुमची एका क्षणात थांबते आणि टो करावी लागते. खेडोपाडी राहणाऱ्याला हा फरक मोठा आहे.

नवा_गिअर
हा मुद्दा मान्य, पण तो दिवस किती वर्षांनी येतो तेही धरा ना. आणि आता पेट्रोलचाच प्रश्न आहे. पंपावर ई२० मिळतंय, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. साध्या पेट्रोलला एका भागाला साधारण १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला नऊच. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर बघून कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो, तुमच्या कार्बोरेटरचा जेट तेवढाच राहणार, मिश्रण पातळ होणार, हवा जास्त पेट्रोल कमी, म्हणजे सकाळी स्टार्टिंगचा त्रास आणि लोडवर जास्त उष्णता, आणि वर्कशॉपवाले म्हणतात तसं उष्णता हाच याचा शत्रू. शिवाय त्या काळचे रबरी पाइप, पंपातले डायफ्रॅम (रबरी पडदे) इथेनॉलसाठी बनलेच नव्हते. पाइप फुटून गरम इंजिनावर पेट्रोल गळालं तर? घरातली माणसं बसतात तुमच्या गाडीत, मी काळजीने सांगतोय.

रोज_पंचवीस_किमी
मधे बोलतो. माझी २००४ ची एमपीएफआय म्हणजे इंजेक्शनवाली ८००, सहा व्हॉल्व्हवालीच. कार्बोरेटर नाही म्हणून चोकची कटकट नाही, आणि बाकी इंजिन जुनं साधं तेच, सुटा भाग कुठेही मिळतो. भांडताय तुम्ही इंजिनावरून पण खरं भांडण कार्बोरेटरचं आहे असं मला वाटतं. थरथर मात्र दोन्हीत आहे, तीन सिलिंडरमुळे पुढचं टोक वर मागचं खाली असं इंजिन डोलतं, माउंटिंग रबर बदलली की निम्मी कमी होते.

वर्कशॉपवाला
ई२० चं बरोबर बोललात. कृष्णाकाठ साहेब, या महिन्यात एवढं करा, टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप इथेनॉल चालणारे टाका, क्लिपा नव्या, पंपाचा डायफ्रॅम बघून घ्या, कार्बोरेटरची किट बदला. गाडी उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि पत्र्याची टाकी आतून गंजते. थोडं जेट वाढवून मिळतं, पण पीयूसी करून बघा नंतर, नाहीतर पासिंगला अडकाल.

कृष्णाकाठ
पाइप या रविवारीच बदलतो, बेल्ट कधी टाकला होता तेही वडिलांच्या वहीत बघतो. गाडी काही देणार नाही. पण @नवा_गिअर, हे इंजिन भरवशाचं नाही हे मागे घ्या.

नवा_गिअर
इंजिनाबद्दलचं मागे घेतलं. कार्बोरेटरबद्दलचं नाही. पाइप बदलल्यावर वास येतोय का ते दोन दिवस बघा आणि इथे कळवा.