मदत हवी आहे: घरात दोन राऊटर, खालून वरचा प्रिंटर दिसत नाही

नमस्कार मंडळी, घर दुमजली आहे, खाली फायबरवाल्यांचा राऊटर आणि वर रेंज येत नाही म्हणून दुसरा राऊटर लावलाय, खालून आलेली केबल त्याच्या वॅन पोर्टात (बाहेरून नेट आत घेणाऱ्या खाचेत) आहे. नेट दोन्हीकडे मस्त चालतं. पण प्रिंटर वरच्या वायफायवर आहे आणि बाबांचा कॉम्प्युटर खाली, त्यांना तो दिसतच नाही, पिंग केलं (उत्तर येतंय का ते बघायला संदेश पाठवला) तरी रिक्वेस्ट टाइम्ड आउट, म्हणजे उत्तरच नाही. खालच्या यंत्रांचे नेटवर्कवरचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होतात, वरचे १९२.१६८.० ने. गंमत म्हणजे वरून खालच्या राऊटरचं लॉगिनचं पान उघडतं, उलटं मात्र काहीच नाही. शेअर केलेल्या फोल्डरचंही तेच रडगाणं. बाबांना रोज बिलं छापायची असतात, प्रत्येक वेळी पेनड्राइव्ह घेऊन जिना चढायचा, गुडघे दुखतात हो त्यांचे.

माझ्या मते हा डबल नॅटचा, म्हणजे दोन्ही राऊटर आपापलं वेगळं नेटवर्क करून पत्ते बदलत बसण्याचा, घोळ आहे. वरच्या राऊटरचं डीएचसीपी (यंत्रांना आपोआप पत्ते वाटायचं काम) बंद करून, त्याला १९२.१६८.१.२ देऊन केबल लॅन पोर्टात (घरातली यंत्रं जोडायच्या खाचेत) टाकली तर जमेल ना? की अ‍ॅक्सेस पॉइंट मोडच बरा, ज्यात राऊटर वेगळं नेटवर्क न करता नुसतं वायफाय देतो? आणि प्रिंटरचा पत्ता कायमचा फिक्स कुठून करायचा, खालच्या राऊटरमधून का? कोणी केलं असेल तर प्लीज सांगा, रविवारी करायला घेतोय.