मदत हवी आहे: चक्कर कानाची की स्ट्रोकची, हे डोळ्यांवरून कसं पकडता?

नमस्कार मंडळी. मी ग्रामीण रुग्णालयात मेडिकल ऑफिसर आहे, एमआरआय दोन तासांवर. गेल्या आठवड्यात रात्री एक काका आले. सकाळपासून सतत गरगरणं, उलट्या. हातापायांत ताकद मात्र नीट. उजवीकडे बघताना बुबुळं उजवीकडे झटके देत होती, डावीकडे बघताना डावीकडे. दिशा बदलणारा नायस्टॅग्मस (बुबुळांचे आपोआप बसणारे झटके) दिसताच पुढे पाठवलं. लहान मेंदूचा स्ट्रोक निघाला.

माझं अडतं ते हेड इम्पल्स टेस्टमध्ये. रुग्णाला माझ्या नाकाकडे बघायला सांगून डोकं झटकन वळवायचं. नजर सुटून परत आली तर दोष बहुधा कानाचा. सतत चक्कर असूनही टेस्ट नॉर्मल आली तर स्ट्रोकचीच काळजी. हे पाठ आहे हो, पण नजरेचा तो परतीचा झटका मला खात्रीने दिसतच नाही. त्यात वयस्कर माणसं मान आवळून धरतात.

२००९ च्या एका अभ्यासात १०१ रुग्णांमध्ये डोळ्यांच्या अशा तीन खुणांनी एकही स्ट्रोक सुटला नव्हता, पण तिथे तपासणारे तज्ज्ञ होते. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये कुणी चित्रीकरण करतं का? डोकं किती वळवता? आणि तिसरी खूण, म्हणजे एकेक डोळा झाकताना बुबुळाचं वर-खाली सरकणं, कशी टिपता? रोज करणाऱ्यांनी कृपया सविस्तर सांगा.