इंग्रजी स्पेलिंगच्या चुका बघून अजून कोणाची चिडचिड होते का?

कोथरूडकर: टिळक रोडवरून जाताना एक पाटी दिसली, स्टेशनरीचं स्पेलिंग शेवटी ए-आर-वाय. म्हणजे 'एका जागी स्थिर', वह्या-पेनांची ती ई-आर-वाय. ऑफिसात तर रोजचंच, लूझच्या जागी दोन ओ वाला लूस, इट्समध्ये कुठेही अपॉस्ट्रॉफी, आणि वर 'लेट्स डिस्कस अबाउट इट', अरे डिस्कसमध्येच अबाउट आलं ना! मीच जास्त किटकिट करतोय का?

नारायणपेठी: दुकान जागचं हलत नाही ना, मग पाटी बरोबरच आहे की 😄 आणि गंमत नाही, दोन्ही शब्दांचं मूळ एकच लॅटिन. फिरत्या विक्रेत्यांच्यात जो एका जागी दुकान थाटून पुस्तकं विकायचा तो स्टेशनर. लक्षात ठेवायला एन्व्हलपचा ई.

मिसळप्रेमी: माझा बॉस मीटिंग अलीकडे घ्यायची तर प्रीपोन म्हणतो त्याचं काय, दरवेळी कानात खडा गेल्यासारखं होतं

नारायणपेठी: ते चालतं हो, ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत आहे. रिव्हर्ट बॅकवर चिडा हवं तर, रिव्हर्टमध्येच बॅक आलं.

सिंहगडवाली: पाटीवाला रंगारी बिचारा जे कागदावर लिहून दिलं तेच रंगवतो, त्याला कशाला नावं. आणि आपण मराठीत 'आणि'चा णि दीर्घ लिहितो तेव्हा कोणाचं काही दुखत नाही, १९६२ पासून शुद्धलेखनाचे नियम आहेत, वाचलेत कोणी?

कोथरूडकर: ताई, माझी वरची पोस्ट तपासतोय आता 🙏