बास क्लॅरिनेटला माइक की पिकअप? (सांगली, बजेट १२ हजार)

बासवाला_सांगली: नमस्कार मंडळी. विश्रामबागेत आम्ही तिघं जॅझ वाजवतो. माझं बास क्लॅरिनेट, एक ड्रमर, एक जण लॅपटॉप आणि सिंथवर. सगळं फंकच्या अंगानं. क्लॅरिनेट ऑक्टेव्हर (सुराला वरच्या-खालच्या सप्तकाची जोड देणारं यंत्र) आणि डिलेमधून (प्रतिध्वनी देणारं) सोडायचंय. सध्या बेलसमोर (वाद्याचं खालचं रुंद तोंड) एकच माइक आहे. खालचे सूर दणदणतात, मधले पार गायब. इंटरफेसला (माइक लॅपटॉपला जोडायची पेटी) दोन माइक जोडता येतात. १२ हजारांत काय घ्यावं, माइक की पिकअप (वाद्यालाच बसवायचा, त्याचाच आवाज पकडणारा)?

मिरजेचा_पव्या: क्लिपवाले कंडेन्सर माइक घ्या, डोळे झाकून. माझ्या सॅक्सला तेच आहेत. पन्नास हजारांच्या घरात गेले, पण आवाज एक नंबर!

बँडमास्तर_कराड: मधल्या सुरांचा आवाज उघड्या छिद्रांतून येतो, बेलमधून मुख्यतः अगदी खालचे. एक माइक मधल्या सांध्यासमोर वीतभर लांब, दुसरा बेलपाशी बारीक आवाजावर. एसएम५७ माइक घ्या, वरातीत आपटला तरी चालतो.

कृष्णाकाठ: लाकडी आहे का? उन्हाळ्यात जपा. माझ्याला तडा गेला, दुकानदार म्हणतो दोष तुमच्या हवेचा. वॉरंटी गेली उडत.

मिरजेचा_पव्या: तरी लाकडीच. प्लॅस्टिकला नाद नाही.

कृष्णाकाठ: तडा गेल्यावर सांगा नाद.

रात्रपाळी: जॅझवाल्या हर्बी हॅनकॉकचा १९७३ चा 'हेड हंटर्स' अल्बम ऐकलात का? बेनी मॉपिनचं बास क्लॅरिनेट आणि फंक, दोन्ही एकत्र. माइल्स डेव्हिसच्या 'बिचेस ब्रू'मध्येही तोच आहे. आणि हो, दोन माइक लावा, एक मध्ये, एक बेलला.

फेडर_सातारा: ऑक्टेव्हरचं कुणी बोललंच नाही. त्याला एकटा स्वच्छ सूर लागतो. माइकमध्ये किक ड्रम शिरला की तो भरकटतो. शक्यतो ड्रमरपासून लांब उभे राहा. शिवाय लो-कट (खालचे सूर कापणारं बटण) १०० हर्ट्झवर ठेवू नका, तुमचा सगळ्यात खालचा सूर ७० च्या आसपास असतो, तोच कापला जाईल.

मिरजेचा_पव्या: म्हणूनच म्हणतो, कंडेन्सर.

बासवाला_सांगली: आभारी आहे सगळ्यांचा. आमची खोली दहा बाय बारा, ड्रमरपासून लांब जाणार कुठं? पिकअपच घेतोय, त्यात ड्रम फारसा शिरणार नाही. जादाची नेक (तोंडाजवळची वाकडी धातूची नळी) मागवतो, तिला भोक पाडून पिझो पिकअप बसवतो. मूळ नेक शाबूत राहील. मिरजेत सतारीवाल्यांकडे काम होईल ना?

बँडमास्तर_कराड: नेकला भोक? माझं ऐकाल तर माइकच. आणि सतारीवाले लाकूड-भोपळ्यातले, २०२४ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं त्यांना, पण हे पितळेचं काम. बँडची वाद्यं झाळणारा गाठा.

फेडर_सातारा: पिझो माइकच्या सॉकेटला लावू नका. इंटरफेसवर 'इन्स्ट्रुमेंट'चं बटण असेल, ते दाबून लावा, नाहीतर आवाज पातळ येईल. बसवलं की क्लिप टाका इथं.