शब्दचर्चा : फुटबॉल टीमच्या 'ऑफसीझन रोस्टर प्लॅन'ला मराठीत काय म्हणाल?

नमस्कार मंडळी,

फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल, एनएफएल, आणि टीम म्हणजे सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनायनर्स, आम्ही नुसतं नायनर्स म्हणतो. मी सांता क्लारात राहतो, त्यांचं लीव्हाईज स्टेडियम २०१४ पासून इथेच आहे, त्यामुळे ही टीम माझ्यासाठी गावची टीम झाली आहे. फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या फायनलमध्ये, चीफ्सकडून ओव्हरटाइममध्ये २५-२२ असे हरलो आणि त्याच्या पुढचा सीझन थेट ६-११, सहा जिंकले आणि अकरा हरले. मग २०२५ च्या फेब्रुवारीत मी दोन रात्री बसून ऑफसीझनचा, म्हणजे एक सीझन संपून दुसरा सुरू होईपर्यंतच्या काळाचा, माझा स्वतःचा प्लॅन केला, कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं, पैसे कुठून काढायचे, ड्राफ्टमध्ये (कॉलेजमधून येणाऱ्या नव्या खेळाडूंची दर वर्षीची निवड) ११ व्या नंबरच्या पिकवर, म्हणजे आपली पाळी आली की, कोणाला घ्यायचं. असा प्लॅन इथे प्रत्येक चाहता करतो, टीमचा जनरल मॅनेजर जॉन लिंच कोणाला विचारत नाही ते सोडा, पण करतो.

तर फोनवर बार्शीच्या काकांना हे समजावत होतो. त्यांना खेळ माहीत नाही पण पैशाचा विषय निघाला की ते कान देऊन ऐकतात. मी म्हटलं, काका, खेळाडूचा पगार यंदा जड होतोय म्हणून टीम त्याचं कॉन्ट्रॅक्ट 'रिस्ट्रक्चर' करते, म्हणजे यंदाच्या पगारातला मोठा भाग बोनस म्हणून आत्ताच रोख देऊन टाकते आणि हिशेबात मात्र तो पुढच्या चार-पाच वर्षांवर पसरून दाखवते, यंदा जागा मोकळी होते आणि ओझं पुढे जातं. काका पटकन म्हणाले, "म्हणजे नवं-जुनं केलं की रे."

मी गप्पच झालो. सोसायटीचं पीककर्ज मार्चअखेर भरल्याचं दाखवायचं आणि लगेच नवं उचलायचं, त्याला आपल्याकडे नवं-जुनं म्हणतात हे मला माहीत होतं, पण पंधरा वर्षं हा खेळ बघून कधी जोडलं नव्हतं. आणि गंमत म्हणजे एनएफएलचं नवीन वर्षही मार्चच्या मध्यात सुरू होतं, तोपर्यंत प्रत्येक टीमला सॅलरी कॅपच्या (टीमच्या एकूण पगारांवर लीगने घातलेली मर्यादा) आत यावंच लागतं, म्हणून बरीचशी नवं-जुनं त्याच सुमारास होतात!

तेव्हापासून डोक्यात आहे की हा अख्खा प्लॅन मराठीत सांगता येईल का, कोशातून शब्द उचलून नाही तर आपण बोलतो त्या शब्दांत. माझे काही शब्द देतो, तुमचे सांगा, चुकत असेल तर सांगा.

रोस्टर = पट. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, घरी रोज ऐकायचो, "पटावर ४२ आणि हजर ३१". पटावर असणं आणि मैदानात असणं वेगळं, रोस्टरचंही नेमकं तसंच आहे, सीझनमध्ये पट ५३ जणांचा, मैदानात एका वेळी ११.

डेड मनी = बुडीत. खेळाडू गेला तरी त्याला आधी दिलेला बोनस हिशेबात पडून राहतो आणि कॅप खातो. डेन्व्हर ब्रॉन्कोजने २०२४ मध्ये रसेल विल्सनला सोडला तेव्हा साडेआठ कोटी डॉलर बुडीत निघाले, दोन वर्षांत वाटून घ्यावे लागले, पहिल्या वर्षी ५ कोटी ३० लाख आणि दुसऱ्या वर्षी ३ कोटी २० लाख.

साइनिंग बोनस = उचल. ऊसतोडीला टोळी जाते तेव्हा आधी मिळते ती.

आणि मुख्य प्रश्न तोच, या सगळ्या प्लॅनलाच काय म्हणायचं?

——

प्रतिसाद:

'मनातले मांडे' चालेल की. नाहीतर 'मनोराज्य'. रोस्टरला सरळ 'संघ' किंवा 'नामावली' का नको?

——

धागालेखक:

>> 'मनातले मांडे' चालेल की

नाही हो, मला ते पटत नाही. मनातले मांडे म्हणजे पीठही घरात नाही आणि खाण्याची स्वप्नं. हे प्लॅन करणारे लोक एकेका खेळाडूचं कॉन्ट्रॅक्ट उघडून बसतात, २०२५ ची कॅप २७ कोटी ९२ लाख डॉलर, त्यात आपले किती अडकले, किती मोकळे, कोणाला सोडलं तर किती बुडीत, हे सगळं बेरीज-वजाबाकी करून मांडतात. हुकूम आपल्या हातात नाही एवढंच. मनोराज्यात आकडे नसतात आणि इथे आकड्यांशिवाय पान हलत नाही.

'नामावली'चा त्रास असा की सरकारी मराठीत रोस्टर म्हटलं की बिंदुनामावली आठवते, आरक्षणाची, ती वेगळी गोष्ट आहे. आणि 'संघ' म्हणजे टीम. टीम कायम राहते, पट दर वर्षी बदलतो.

——

प्रतिसाद:

धागा आवडला. 'उचल'बद्दल मात्र बोलायलाच हवं. माझं आजोळ बीड जिल्ह्यात, घरातली माणसं कारखान्यावर जात होती. उचल हा बोनस नाही, ते कर्ज आहे. कोयत्याने (कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी) सीझनभर ऊस तोडून ती फेडायची असते, फिटली नाही तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे परत जायचं, मध्येच आजारी पडलं तर अंगावर राहते. कोट्यधीश खेळाडूला आनंदाने मिळालेल्या पैशाला तो शब्द लावू नका, अर्थ उलटा होतो.

त्यापेक्षा 'इसार' बघा. जमिनीचा, घराचा व्यवहार ठरला की घेणारा इसार देतो, आणि नंतर घेणारानेच माघार घेतली तर इसार गेला. टीमने खेळाडूला सोडलं की टीमचाच पैसा जातो, असंच आहे ना?

——

धागालेखक:

अगदी असंच आहे, आणि तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य, उचल मागे घेतो. मी फक्त 'आधी मिळणारे पैसे' एवढंच बघितलं, ओझं कोणाच्या डोक्यावर ते बघितलंच नाही. इसार कितीतरी चांगला बसतो, कारण बुडीत तयार होतं ते त्यातूनच. समजा टीमने दीड कोटी डॉलर इसार दिला, पाच वर्षांच्या करारावर, तर हिशेबात दर वर्षी ३० लाख पडतात (पाचपेक्षा जास्त वर्षांवर पसरता येत नाही). दोन वर्षांनी सोडलं तर उरलेले ९० लाख एकदम बुडीत. १ जूननंतर सोडल्याचं दाखवलं तर त्या वर्षीचे ३० लाख त्या वर्षात आणि बाकीचे ६० पुढच्या वर्षात, विल्सनच्या वेळी तेच केलं होतं. १ जून तारीख आली की मला वडिलांचा दाखला आठवतो, त्यांच्या वर्गातल्या निम्म्या मुलांची जन्मतारीख गुरुजींनी १ जून लावली होती!

आता 'कट'. याला 'वगळणे' हा पेपरवाला शब्द आहे, पण आपण बोलताना काय म्हणतो? "त्याला कामावरून कमी केलं." मला तोच हवा. 'कमी केलं' म्हटलं की त्या माणसाचं घर डोळ्यापुढे येतं. ट्रेनिंग कॅम्पला पट ९० चा असतो, ऑगस्टच्या शेवटी तो ५३ वर आणायचा, म्हणजे एका टीमचे ३७ जण कमी आणि ३२ टीम मिळून हजाराच्या वर, त्यातली बरीचशी मुलं पंचविशीच्या आतली.

——

प्रतिसाद:

'प्रॅक्टिस स्क्वाड'ला काय? सराव संघ?

——

धागालेखक:

सराव संघ म्हटलं तर सरावाला आलेला वेगळा संघ वाटतो. मला 'उमेदवार' हा शब्द त्याच्या जुन्या अर्थाने परत आणायचा आहे. आता उमेदवार म्हटलं की निवडणूकच डोळ्यापुढे येते, पण पूर्वी कचेरीत, छापखान्यात, वकिलाकडे मुलं उमेदवारी करायची, कमी पैशात किंवा फुकट, काम शिकत, जागा रिकामी होण्याची वाट बघत. प्रॅक्टिस स्क्वाडवरची १६ मुलं हेच करतात, आठवडाभर सराव सगळ्यांबरोबर आणि रविवारी कोणाला लागलं तरच वर यायचं. 'उमेदवारीत आहे' असं म्हटलं की उमेदही येते त्यात.

'डेप्थ चार्ट'साठी (कोणत्या जागेवर पहिला कोण, त्याच्यामागे कोण याची यादी) कोणीतरी निरोपात 'उतरंड' सुचवलं. शब्द सुंदर आहे पण जातीच्या उतरंडीमुळे तो आता जखमी शब्द आहे, खेळात नको वाटतो. 'फळी' आहेच की, पहिली फळी, दुसरी फळी, क्रिकेटवाले रोज वापरतात.

——

प्रतिसाद:

मग ट्रेडला 'अदलाबदल'? नायनर्सच्या डीबो सॅम्युअलला तर मोडीत काढला म्हणायला हवं, एवढा खेळाडू आणि त्याच्या बदल्यात ड्राफ्टच्या पाचव्या राउंडचं एक पिक.

——

धागालेखक:

तो मार्च २०२५ चा ट्रेड मलाही लागला आहे, पण मोडीत भांडी जातात. डीबोने २०२१ साली रिसीव्हर (चेंडू झेलणारा) असून रनिंग बॅकचंही (चेंडू घेऊन घुसणाऱ्याचं) काम केलं, अंगावर मार घेत खेळला, त्या माणसाला मोडीत म्हणवत नाही. तो वॉशिंग्टनला 'दिला', सासरी देतात तसा, आणि आमच्याकडे साधारण ३ कोटी १० लाख डॉलर बुडीत राहिले. 'अदलाबदल' ठीक आहे, पण बोलताना "याला दिला, त्याला घेतला" एवढंच पुरतं असं मला वाटायला लागलंय, प्रत्येक गोष्टीला नाम लागतंच असं नाही, मराठी क्रियापदावर निभावून नेते.

माझा सगळ्यात आवडता मात्र राहिला. ड्राफ्टमध्ये शेवटच्या नंबरवर निवडल्या गेलेल्याला इंग्रजीत 'मिस्टर इरेलेव्हंट' म्हणतात, म्हणजे ज्याने काही फरक पडत नाही असा. २०२२ साली तो नंबर होता २६२ आणि नायनर्सने घेतलेलं पोरगं होतं ब्रॉक पर्डी. त्याच पोराने पुढच्याच वर्षी टीम सुपर बोलपर्यंत नेली, तेव्हा त्याचा पगार होता ८ लाख ७० हजार डॉलर, आणि मे २०२५ मध्ये करार झाला पाच वर्षांचा, साडेसव्वीस कोटी डॉलरचा. मी त्याला मराठीत 'शेंडेफळ' म्हणतो. सगळ्यात शेवटी आलेलं म्हणून जास्त लाडकं. इंग्रजी शब्द त्याला बाहेर उभा करतो, आपला शब्द घरात घेतो.

——

प्रतिसाद:

शेंडेफळ! आता दुसरं काही म्हणवणार नाही. मूळ प्रश्नाचं काय झालं? मी 'मनसुबा' सुचवतो.

——

धागालेखक:

मनसुबा!! मी हा शब्द बघितला आणि कोशाकडे धावलो. मराठीत मनसुबा म्हणजे बेत, मसलत, पेशवाईतल्या कागदांत तर ठिकठिकाणी येतो. पण हा शब्द मुळात अरबी, आणि शतरंजच्या जुन्या जगात 'मन्सूबा' म्हणजे मुद्दाम मांडून दिलेला डाव, पटावर अमुक मोहरी अमुक घरांत आहेत, आता यातून सोडवून दाखव. चाहता फेब्रुवारीत करतो ते हेच की. मोहरी त्याने मांडलेली नाहीत, तुटपुंजे पैसे, म्हातारा झालेला पण अजून सगळ्यात भारी लेफ्ट टॅकल (डावीकडून येणाऱ्यांना अडवणारा), अंगावर आलेलं बुडीत, आणि यातून वाट काढून दाखव. आणि तो मांडायचा कशावर, तर पटावर. मी शाळेचा पट धरून बसलो होतो, बुद्धिबळाचा पट तुम्ही आणून दिलात.

तर 'पटाचा मनसुबा'. माझ्याकडून हे पक्कं. ऑफसीझनला 'मशागत' म्हणतो, कारण पीक निघाल्यावर रान मोकळं दिसतं पण खरं काम तेव्हाच चालू असतं, बेमोसम वगैरे म्हटलं की अवकाळी पाऊस डोळ्यापुढे येतो. कॅपला कॅपच राहू द्या, 'कमाल मर्यादा' म्हटलं की आमच्याकडे सीलिंगमध्ये गेलेली जमीन आठवते.

आता माझा त्या फेब्रुवारीतला मनसुबा या शब्दांत लिहून बघतो (ग्रीनलॉ, हुफांगा, वॉर्ड हे तिघे करार संपत आलेले बचावातले खेळाडू):

"शेंडेफळाचा करार आधी करायचा, इसार मोठा द्यायचा म्हणजे पहिल्या वर्षी कॅपवर कमी पडेल. जुन्या मोठ्या दोन करारांचं नवं-जुनं, जास्त नाही, कारण पुढे बुडीत वाढतं. ड्रे ग्रीनलॉला काहीही करून राखायचा. हुफांगा आणि वॉर्ड दोघांना पैसे पुरणार नाहीत, एकाला जाऊ द्यायचा. ११ व्या नंबरवर टॅकल घ्यायचा, ट्रेंट विल्यम्स ३६ चा झालाय, त्याच्या मागे दुसरी फळीच नाही. उमेदवारीतल्या मुलांतून दोन जण पटावर."

झालं काय, तर ग्रीनलॉ आणि हुफांगा दोघेही डेन्व्हरला गेले, वॉर्ड इंडियानापोलिसला, आणि ११ व्या नंबरवर जॉर्जिया विद्यापीठाचा मायकेल विल्यम्स घेतला, तो डिफेन्सिव्ह लाइनवाला, म्हणजे टॅकल नाहीच, बचावातला. ग्रीनलॉचं मला अजून वाईट वाटतं. त्या सुपर बोलमध्ये तो बाजूला उभा होता, मैदानात धावत शिरताना त्याच्या टाचेमागची शीर तुटली, कोणी हातही लावला नव्हता. बरं व्हायला जवळजवळ अख्खं वर्ष गेलं आणि मग गेलाच. कागदावर मी त्याच्या नावापुढे 'राखायचा' लिहिलंय, ती फाइल अजून तशीच ठेवली आहे.

——

प्रतिसाद:

एकच राहिला, 'वेव्हर'. नवीन मुलाला कमी केलं की तो लगेच मोकळा होत नाही ना?

——

धागालेखक:

बरोबर, चार सीझन पुरे न झालेला खेळाडू आधी वेव्हरवर जातो, बाकीच्या टीमना नंबराप्रमाणे त्याच्यावर हक्क सांगता येतो, कोणीच सांगितला नाही तर मग तो मोकळा. जुन्या टीमने काय केलं, तर हक्क सोडला. आणि जमिनीतल्या हिश्शासाठी बहिणीकडून सही घेतात तो कागद कोणता? हक्कसोडपत्र. तर वेव्हर = हक्कसोड, अजून चांगला कोणाला सुचला तर लिहा, ऑगस्टच्या आत हवाय.