विचारांची वही लिहून उलट जास्त वाईट वाटतंय, काय चुकतंय? (बडोदा)

कोरा_रकाना
लवकर उत्तर मिळालं तर बरं होईल. मी नैराश्यासाठी विचारांची वही लिहितेय. प्रसंग, मनात आलेला विचार, भावना किती टक्के, मग त्या विचाराच्या बाजूने पुरावा, विरुद्ध पुरावा आणि शेवटी संतुलित विचार. बाजूने पुराव्याचा रकाना भरून वाहतो. विरुद्धचा कोराच राहतो. ओढूनताणून काही लिहिलंच तर वाचताना खोटं वाटतं आणि वही मिटते तेव्हा आधीपेक्षा जास्त जड वाटतं. ज्यांनी हे केलंय त्यांनी फक्त एवढंच सांगा, की विरुद्धच्या रकान्यात लिहायचं काय? "पॉझिटिव्ह विचार करा" कृपया कोणी लिहू नका, ते घरी रोज मिळतं.

सूरसागरकर
विचार कोणता, प्रसंग कसला, वही लिहायला कोणी सांगितलं, किती दिवस चाललंय, यातलं एकही दिलं नाहीत. एखादं पान इथे उतरवा की. नावंगावं गाळून.

मंजूमावशी
अगं, वहीत डोकं घालून बसलं की डोकं आणखी फिरतं. सकाळी सहाला उठ, कमाटी बागेत दोन फेऱ्या मार, अनुलोम-विलोम कर. आमच्या दांडिया बाजारातल्या चार जणी रोज जातो. तू कुठे राहतेस? ये आमच्यात.

विवेकवादी_ठाणे
पुरावे गोळा करण्यात वेळ जातो असं माझं स्पष्ट मत आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली आणि कि. मो. फडके यांनी आपल्याकडे रुजवली, ती थेट मुळाशी जाते. "मला काम बिनचूक आलंच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी" अशीच काहीतरी तुमची मागणी असणार. ती मागणी सोडा. पुराव्याचा प्रश्नच उरत नाही.

निशाचर
मागणी सोडा म्हटल्यावर सुटत असती तर आपण दोघंही इथे रात्री दीडला टाइप करत बसलो नसतो. ही वही ज्यांच्या पद्धतीतून आली ते ॲरन बेकही मुळात एलिससारखे मनोविश्लेषणवालेच, म्हणजे फ्रॉइडच्या वाटेचे. १९६०च्या दशकात फिलाडेल्फियात नैराश्याचे रुग्ण तपासताना त्यांच्या लक्षात आलं, की या लोकांच्या मनात स्वतःबद्दलची वाईट वाक्यं आपोआप, झरकन येऊन जातात आणि ती तपासल्याशिवाय खरी धरली जातात. वही त्या तपासणीसाठी आहे. मनाशी वाद घालून जिंकण्यासाठी नाही. बाई, पान टाका.

विवेकवादी_ठाणे
एलिस आधी, बेक नंतर. एवढंच नोंदवतो.

कोरा_रकाना
घ्या.
प्रसंग: साहेब सकाळी जिन्यात भेटले, गुड मॉर्निंगला उत्तर दिलं नाही.
विचार: मला काढणार आहेत. मी अकाउंट्ससाठी नालायक आहे.
भावना: लाज ९०, भीती ८०.
बाजूने: जूनच्या ३बी मध्ये (जीएसटीचं महिन्याचं रिटर्न) मी आयटीसी (खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट) चुकीचं घेतलं. साहेब माझ्यावर नाराज आहेत. नवीन मुलगी माझ्यापेक्षा हुशार आहे. मला काहीच जमत नाही. आतून तसंच वाटतं.
विरुद्ध: (कोरा)
आता तरी सांगा.

ताळेबंद
चुकीचं म्हणजे नेमकं काय? ब्लॉक्ड, म्हणजे कायद्याने मिळतच नाही असं क्रेडिट घेतलं, की एकच बिल दोनदा? ३बी रिवाइज होत नाही, पुढच्या महिन्याच्या रिटर्नमध्ये उलटवावं लागतं. आणि क्रेडिट नुसतं लेजरमध्ये पडून होतं की वापरलं गेलं? वापरलं असेल तर १८ टक्क्यांनी व्याज लागतं.

कडूकारले
बाई नैराश्याबद्दल विचारतायत, सीए साहेब.

ताळेबंद
मला जे येतं ते मी सांगतो.

निशाचर
पानाकडे या. "बाजूने" मध्ये पाच ओळी आहेत, त्यातली पुरावा म्हणावी अशी एकच, जूनची. "साहेब नाराज आहेत" हे तुम्ही त्यांच्या मनात शिरून वाचलंत. ते बोलले नाहीत एवढंच घडलंय. आदल्या रात्री ते झोपले नसतील, फोनवर असतील, दात दुखत असेल. "मला काहीच जमत नाही" हा तर जो विचार तपासायचा तोच, फिरून साक्षीला उभा. "आतून तसंच वाटतं" ही भावना आहे. लाज ९० वाटते म्हणून लाजिरवाणं काही घडलंच असं होत नाही. नवीन मुलगी हुशार असू दे, त्यावरून तुम्ही कोण ते ठरत नाही.
म्हणजे तुमचा रकाना भरलेला नाही, भरल्यासारखा दिसतोय. मला समुपदेशकांनी एकच कसोटी दिली होती: सीसीटीव्हीत दिसेल आणि ऐकू येईल तेवढंच पुराव्यात लिहायचं. आता जूनबद्दल सांगा. पुढे काय झालं?

कोरा_रकाना
पुढे काय होणार? मलाच ऑगस्टमध्ये दिसलं, मी साहेबांना सांगितलं, त्या महिन्याच्या रिटर्नमध्ये उलटवलं. पण माझा प्रश्न हा नाहीये.

निशाचर
हाच आहे. स्वतः शोधलंत, स्वतः जाऊन सांगितलंत, दुरुस्त केलंत. विरुद्धच्या रकान्यात का नाही?

कोरा_रकाना
कारण ते कोणीही केलं असतं. ते माझं कामच आहे.

निशाचर
चूक झाली तर ती तुमची लायकी, आणि दुरुस्ती केली तर "ते कोणीही केलं असतं". अशी खातेवही ताळेबंद यांच्यापुढे ठेवून पाहा. सगळं नावे टाकायचं, जमेला काही धरायचंच नाही आणि मग शिल्लक बघून रडायचं.

ताळेबंद
मी सही करणार नाही.

कडूकारले
थांबा जरा. साहेब खरंच काढणार असतील तर? दर वेळी "हे तुमच्या मनाचे खेळ" म्हणून बाईमाणसाला गप्प करायची आपल्याकडे सवय आहे. मकरपुऱ्याच्या कंपन्यांत माणसं काढतातच की. मी स्वतः बघितलंय.

निशाचर
मुद्दा मान्य. काही विचार वाकडे नसतात, खरे असतात. मग तिथे वही नको, बायोडेटा अपडेट करायचा, कुणाशी बोलायचं. पण खरं की वाकडं हे जिन्यातल्या एका न दिलेल्या उत्तरावरून कळत नाही. उद्या साहेबांना कामाचा एखादा साधा प्रश्न विचारा. विचारण्याआधी वहीत लिहा, "मला वाटतं ते असं असं करतील". नंतर काय केलं ते लिहा. दोन्ही ओळी शेजारी ठेवा. असं चारपाच वेळा झालं की तो कोरा रकाना कल्पनेने भरावा लागत नाही.

मंजूमावशी
पण कमाटी बागेत जायला काय हरकत आहे म्हणते मी.

सूरसागरकर
हरकत नाही मावशी, पण बाग नदीकाठी आहे आणि २०२४च्या पुरानंतर नदीकाठाने फिरायची माझी छाती होत नाही. विश्वामित्रीच्या मगरी रस्त्यावर आल्या होत्या तेव्हा.

कडूकारले
मगरी बागेत येत नाहीत हो. त्यांना पण सकाळी सहाला उठायचा कंटाळा असतो.

मंजूमावशी
हसा. मी आजवर एकही मगर पाहिली नाही आणि बागेत चालून माझं बीपी ताब्यात आहे.

निशाचर
मावशींचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. मन फार जड असताना विचारांशी झुंजण्याआधी हातपाय हलवणं सोपं जातं. आवडो न आवडो, ठरलेल्या वेळी ठरलेली एक छोटी गोष्ट करायची. मूड आला की करू म्हटलं तर तो येत नाही. मला तर वही उघडण्याइतका जोरही चालायला लागल्यावरच आला.

सूरसागरकर
मूळ मुद्द्यावर. झोप कशी आहे? जेवण? थायरॉइड, बी-१२ कधी तपासलं? यातल्या कशाचीही कमतरता असली की माणूस असाच थकलेला, उदास होऊ शकतो. आणि औषध काही चालू आहे का? हे पहिल्यांदाच विचारायला हवं होतं.

कोरा_रकाना
रिपोर्ट नॉर्मल होते. पहाटे साडेतीनला जाग येते, मग झोप नाही. गोळ्या होत्या, मार्चपासून. नवरात्रीत बंद केल्या. छान वाटत होतं, रोज गरब्याला जात होते. डॉक्टरांना विचारलं नाही, कशाला विचारायचं? वही त्यांच्याकडच्या समुपदेशक बाईंनी शिकवली होती, तिकडे जाणंही तेव्हाच सुटलं. दिवाळीनंतर परत असं व्हायला लागलं म्हणून वही मीच काढली. पण गोळ्यांचा आणि रकान्याचा काय संबंध?

निशाचर
ताई, संबंध मोठा आहे. बरं वाटलं म्हणून लगेच गोळ्या थांबवत नाहीत. बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा महिने किंवा त्याहून जास्त चालू ठेवतात, आणि थांबवताना डॉक्टर हळूहळू उतरवतात. नाहीतर दुखणं उलटायची भीती असते. पहाटेची ती जाग हेही त्याचंच लक्षण असू शकतं. अशा वेळी विरुद्धचा पुरावा आठवतच नाही, आजारात वाईट तेवढंच चटकन आठवतं. म्हणजे तुम्हाला वही जमत नाही असं नाही. आपल्या मनाने गोळ्या परत सुरू करू नका, घरात उरलेली पाकिटं असली तरी. त्याच डॉक्टरांकडे जा.
आणि सरळ विचारतो, राग मानू नका: मरावं, आपण नसलेलं बरं, असं मनात येतं का?

विवेकवादी_ठाणे
गोळ्यांवर अवलंबून राहणं हीच एक

अ‍ॅडमिन
वरचा प्रतिसाद अर्धवट दिसतोय, तसाच राहू दे. औषध सोडा किंवा घ्या असा सल्ला या धाग्यावर कोणी देऊ नये.

कोरा_रकाना
नाही. नसलेलं बरं असं कधीकधी वाटतं, पण काही करावं असं नाही. हे कुणी विचारलं नव्हतं.

निशाचर
हे जसंच्या तसं डॉक्टरांना सांगा, याच शब्दांत. घरातल्या एकाला तरी सांगा. रात्री जड झालं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर १४४१६, सरकारी आहे, दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत. "काही करावं" असं वाटू लागलं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच वेळी घरच्यांना उठवून हॉस्पिटलात जा.

सूरसागरकर
जुन्या डॉक्टरांकडे जायला संकोच वाटत असेल तर कारेलीबागेत सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे, सयाजी हॉस्पिटलातही मानसोपचार विभाग आहे. सकाळी लवकर जा, गर्दी असते.

मंजूमावशी
मी येते बरोबर. मेसेज कर. बागेचं नंतर बघू.

कोरा_रकाना
जुन्या डॉक्टरांचीच वेळ मिळाली, बुधवारी. रागावतील का? वही नेऊ की नको?

निशाचर
वही न्या, जुनं प्रिस्क्रिप्शन न्या. रागावतील हे भाकीत बुधवारच्या पानावर लिहून ठेवा, खाली जागा सोडा.

ताळेबंद
व्याजाचं राहिलं. भरलं का?

कोरा_रकाना
क्रेडिट वापरलं नव्हतं काका, लेजरमध्ये पडून होतं. व्याज लागलंच नाही.

ताळेबंद
मग हेही विरुद्धच्या रकान्यात लिहा.